प्रेताच्या तोंडचं वाक्य

एडगर पिमलॉट सोमवारी सकाळी मेला, आणि शुक्रवार उजाडला तरी त्याच गालिच्यावर पालथा पडून होता. पाठीत सुरी, उजवा हात पुढे पसरलेला, डावा गाल गालिच्यावर विणलेल्या मोराच्या पोटावर. गालिचा जाडजूड होता, वरून सिनेमाच्या दिव्यांची ऊब येत होती, आणि कुणी त्याच्याकडून कसलीही अपेक्षा करत नव्हतं. इतकं सुख त्याला जिवंतपणी क्वचितच मिळालं होतं.

इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या थिसलकूम हॉल नावाच्या जुन्या घरात हा सिनेमा चालला होता. मोठ्या घरात खून होतो, वाचनालयात प्रेत सापडतं, मग कुणीतरी हुशार गुप्तहेर येऊन सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो आणि तासभर बोलतो, त्या तमाम कादंबऱ्यांची यात यथेच्छ टिंगल होती. इथे गुप्तहेर एक सोडून चार होते. एकजण नुसत्या वासावरून खुनी ओळखायचा. ते काम एडगरचा जुना दोस्त ऑस्बर्ट क्वेल करत होता. एक म्हातारी होती, ती आपल्या कासवाचा सल्ला घेतल्याशिवाय कुणावर आरोप करत नसे. ते काम विनिफ्रेड स्टोक्सबाईंकडे होतं. उरलेले दोघे टीव्हीवरचे नट होते आणि ते आपापसातच बोलत. एडगर होता खून झालेला लॉर्ड. पहिल्या रिळापासून शेवटपर्यंत तो गालिच्यावर, आणि बाकीचे त्याला ओलांडून ये-जा करणारे.

पण त्याला एक वाक्य होतं, आणि तेही शेवटचं. चारही गुप्तहेर एकमेकांवरच खुनाचा आरोप करून दमले की प्रेत कंटाळून उठून बसणार, खून कोणी केला ते स्वतःच सांगणार आणि पुन्हा आडवं होणार. मग पडदा. चाळीस वर्षांच्या नटगिरीत एडगरने थाळ्या आणल्या होत्या, गाडी तयार असल्याचं सांगितलं होतं, दोनतीनदा तो फासावरही गेला होता. पण ज्यावर पडदा पडतो ते वाक्य त्याला कधी मिळालं नव्हतं. दिग्दर्शक ज्यूलियन फ्रेथी हा ऐन जूनमध्येही गळ्यात मफलर गुंडाळून फिरणारा तरुण. त्याने सोमवारी एडगरला खिडकीशी नेऊन खुन्याचं नाव कानात सांगितलं. ते लिहिलेलं कुठेच नव्हतं. खुनी कोण हे कळलं की नट लगेच निष्पाप दिसायला लागतात, असं त्याचं म्हणणं होतं.

"फक्त तुम्हाला आणि मला, पिमलॉट. तुमच्या बायकोलासुद्धा नाही."

त्या दिवशी संध्याकाळी एडगरने खानावळीतून घरी फोन लावला. त्याची बायको डॉरीन सँडमूथला, समुद्राकाठच्या त्यांच्या दोन खोल्यांत होती. चाळीस वर्षं ती स्वयंपाकघरात उभी राहून दुसऱ्यांचे संवाद म्हणत आली होती, म्हणजे त्याला मध्ये "होय, साहेब" म्हणायचा सराव व्हावा.

"शेवटचं वाक्य माझं आहे," एडगर म्हणाला.

डॉरीनने विचारलं, "शेवटचं म्हणजे अगदी शेवटचं?"

"त्यानंतर फक्त बॅंड वाजणार."

काय वाक्य आहे ते तिने विचारलं नाही, कारण सांगता येणार नाही हे त्याच्या आवाजावरूनच तिला कळलं. तिने फक्त सगळ्या गल्लीला जाऊन सांगितलं. सिनेमा लागेल तेव्हा पहिल्या आठवड्यात कोण कुठे बसणार हेही गल्लीत ठरून गेलं.

आणि आता शुक्रवारी सकाळी, शेवटच्या दिवशी, एडगरला ते नाव आठवत नव्हतं.

कसं गेलं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. दिवसभर निजायचं, डोळे मिटलेले, डोक्यावरून सगळ्यांचे आवाज जात-येत राहायचे. कुणी लेडीसाहेब रडायच्या, कुणी डॉक्टर खाकरायचा, आणि त्या आवाजांचंच हळूहळू स्वप्न व्हायचं. स्वप्नात लेडीसाहेब कासवावर बसून समुद्राकडे जायच्या, डॉक्टर डॉरीनच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायचा. मंगळवारी जाग आली तेव्हा नाव जागेवर होतं. बुधवारीही होतं. गुरुवारी त्याने तपासलं नाही. शुक्रवारी हात घालून पाहतो तो जागा रिकामी.

ज्यूलियनला विचारायची सोय नव्हती. निर्माते मिस्टर ग्लॅडविन यांचा एडगरवर बुधवारपासून राग होता. लेडीसाहेब नवऱ्याच्या प्रेतावर पडून हंबरडा फोडत असताना प्रेत घोरलं होतं. ग्लॅडविननी त्याच दिवशी लंडनहून एक पुतळा मागवून घेतला. एडगरच्याच मापाचा, तसाच कोट, तशीच पाठीत सुरी. तो बाहेरच्या बोळात एका खुर्चीवर बसवून ठेवला होता, आणि येता-जाता ग्लॅडविन त्याच्या खांद्यावर प्रेमाने थोपटत. प्रेत घोरतं, वर आता नावही विसरलं, एवढं त्यांच्या कानावर गेलं असतं तर पुतळ्याला लगेच काम मिळालं असतं, आणि पुतळा बोलत नसल्यामुळे वाक्य कापलं गेलं असतं. आणि डॉरीनने तर सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

तेव्हा पडल्या पडल्या त्याने स्वतःच तपास सुरू केला. अडचण अशी की त्याला फक्त बूट दिसत. सिनेमातल्या लॉर्डच्या पुतण्याचे बूट फार चकचकीत होते, म्हणजे तो काहीतरी लपवत होता. डॉक्टरच्या बुटांना चिखल होता, म्हणजे तोही लपवत होता. माळ्याच्या बुटांवर काहीच संशय घेण्यासारखं नव्हतं, आणि या कादंबऱ्यांत त्याहून वाईट लक्षण दुसरं नाही. लेडीसाहेबांनी पायात घरच्या सपाता घातल्या होत्या, कारण कॅमेऱ्यात पाय येत नव्हते. सगळे बूट मिळून एडगर दुपारपर्यंत कुठेच पोचला नाही.

त्यातच ऑस्बर्ट वास घेण्याच्या निमित्ताने गालिच्यावर ओणवा झाला आणि त्याच्या कानाशी लागून कुजबुजला, "लेका, मीच आहे ना खुनी? नुसती पापणी हलव."

"तुला काय वाटतं?" ओठ न हलवता एडगरने आशेने विचारलं.

"मला काय वाटायचंय? माहीत तुला आहे."

"तरी पण. तुझा अंदाज सांग. तुझं नाक चांगलं आहे."

ऑस्बर्टला हे फार झोंबलं. पिमलॉट मेल्यापासून चढेल झालाय, असं त्याने विनिफ्रेडबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, गुपित सांभाळावं तर असं, मला तर त्याच्याबद्दल आदर वाटायला लागलाय. एडगरने दोन्ही ऐकलं आणि दोन्हींचं त्याला सारखंच वाईट वाटलं.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा सगळे झाडाखाली निघून गेले. एडगर मात्र नेहमीप्रमाणे जागीच. मिस ग्रिब्स या बाईंचं काम असं की कालच्या दृश्यात जे जसं होतं ते आज तसंच दिसलं पाहिजे. मेणबत्ती किती जळली होती, कपात चहा किती होता, कुणाची बट कुठल्या कानावर होती. एडगरची बोटं एकदा पसरून ठेवल्यावर त्यांनी त्याला उठायला जवळजवळ बंदीच केली होती. त्या रोज दुपारी स्वतः सूप घेऊन यायच्या आणि त्याच्या तोंडाशी नळी धरायच्या. आज मेणबत्तीचं काहीतरी बिनसलं म्हणून त्या घाईत होत्या.

"हलायचं नाही, मिस्टर पिमलॉट. मी आलेच," असं सांगून त्या गेल्या. त्या दिसेनाशा होण्याआधीच एडगरला झोप लागली.

जाग आली ती घाबरूनच. खोली रिकामी, दिवे विझलेले, उघड्या दारातून कापलेल्या गवताचा वास. नाव अजून आलेलं नव्हतं. एडगरला उभ्या आयुष्यात प्रत्येक संवाद चालता चालता पाठ झाला होता; पाय हलल्याशिवाय त्याचं डोकं हलत नसे. पाच दिवस आडवं पडल्यावर नाव राहील कसं? बागेला एक फेरी मारली की येईल, असं म्हणून तो उठला, कोट झटकला आणि बाहेर पडला. पाठीतल्या सुरीची मूठ कोटाखाली बांधलेल्या पत्र्याला पक्की ठोकलेली होती. सोमवारी ती फार टोचली होती. आता नाकावरच्या चष्म्यासारखी ती त्याच्या गावीही नव्हती.

बागेच्या एका फेरीत काही आलं नाही. कुंपणाच्या पायऱ्या ओलांडून तो शेतात उतरला. ऊन मऊ होतं. झाडांत कबुतरं घुमत होती, मेंढ्या मान वर करून त्याच्याकडे बघत आणि पुन्हा चरायला लागत. प्रत्येक पावलागणिक तो एक एक नाव म्हणून पाहत होता, पुतण्या, डॉक्टर, माळी, आणि पाय पुढे पुढे पडत होते. त्याला वाटलं, आपण अजून गालिच्यावरच आहोत आणि हे शेत वरच्या आवाजांतून तयार झालेलं आहे. स्वप्नच असेल तर घाई कशाला करायची, म्हणून त्याने घाई केली नाही. वाट त्याला घेऊन गेली ती सरळ गावातल्या चर्चशेजारच्या एका पांढऱ्या तंबूपर्यंत.

तंबूच्या दारात फुलाफुलांचा झगा आणि चेरी लावलेली टोपी घातलेल्या एक भारदस्त बाई उभ्या होत्या. या मिसेस ऑगस्टा थ्रॉपल, गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. आज गावाची मार्मालेडची, म्हणजे कडू संत्र्याच्या मुरंब्याची, स्पर्धा होती, आणि लडलोहून येणारा पंच अजून आलेला नव्हता. अशा वेळी काळा कोट, पिकलेले केस आणि चेहऱ्यावर गाढ चिंता असलेला माणूस शेतातून चालत आला, तर तो पंचच असणार.

"आलात एकदाचे," मिसेस थ्रॉपल म्हणाल्या. "चालत आलात वाटतं?"

"हो. जरा पाय मोकळे करावे म्हटलं."

"हवा छानच आहे त्याला."

"छान आहे खरी."

त्या त्याला आत घेऊन गेल्या आणि त्या वेळी त्याची पाठ साऱ्या तंबूला दिसली. क्षणभर कपबश्यांचा आवाज थांबला. पुढच्या क्षणी तो पुन्हा सुरू झाला, थोडा जास्तच जोरात. परक्या माणसाच्या पाठीत सुरी असेल तर ती त्याची खासगी बाब झाली. कुणाच्या लाकडी पायाबद्दल, कुणाच्या खोट्या केसांबद्दल आपण विचारतो का? बिचाऱ्याला संकोच वाटायचा. चर्चच्या व्हिकर महाशयांनी हवेबद्दल सुरुवात केली, डाव्या हाताच्या बाईंनी गुलाबांवर पडलेल्या किडीबद्दल, आणि टपाल कचेरीतल्या मिस पेग्गी लंब नावाच्या लाजऱ्या मुलीने चहा आणला.

फक्त मिसेस थ्रॉपल यजमानीणबाईंच्या काळजीने एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला पाठीची खुर्ची नको असेल, नाही का? स्टूल देऊ?"

"तुमची मेहरबानी," एडगर म्हणाला. आयुष्यात इतक्या आपुलकीने त्याचं कुणी केलं नव्हतं. खुर्चीला पाठ टेकली की गेले काही दिवस अवघडतं हे त्यांना कसं कळलं, याचंच त्याला नवल वाटलं.

पुढ्यात बरण्या आल्या तेव्हाही त्याने काही विचारलं नाही. स्वप्नात कडू संत्र्याचा मुरंबा खायला दिला तर माणूस खातो. प्रत्येक बरणीला नुसता आकडा होता, नाव नव्हतं, म्हणजे पंचाने निःपक्षपाती राहावं. पण एका बरणीला जांभळी फीत होती, आणि दरवर्षी पंच चमचाभर चाखून, डोळे मिटून, त्याच बरणीला पहिलं बक्षीस देत असे. फीत कुणाची हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. लडलोच्या पंचालाही ठाऊक होतं. एडगरला नव्हतं. त्याने सगळ्या चाखल्या, कोपऱ्यातली एक बरणी पुन्हा मागून घेतली, तिच्यात त्याला लहानपणचा एक सकाळचा उन्हाचा पट्टा आठवला, आणि त्याने तसं मनापासून सांगितलं. ही पहिली. जांभळ्या फितीच्या बरणीविषयी विचारलं तेव्हा, चांगली आहे, जरा साखर जास्त झाली, असंही तो निष्पापपणे बोलून गेला.

बरणी मिस पेग्गी लंबची निघाली. तंबूत कुणीही टाळी वाजवली नाही. व्हिकर महाशय कपात बघू लागले. पेग्गीच्या चेहऱ्याचा रंग उडाला, जणू तिलाच कुणी धमकी दिली होती.

"किती धाडसी निवड," मिसेस थ्रॉपल म्हणाल्या.

त्या हसल्याही. हसताना त्या हातातल्या लांब सुरीने केक कापत होत्या, आणि नजर केकवर नव्हती. ती एडगरवर होती. ऑस्बर्टने, विनिफ्रेडबाईंनी, टीव्हीवरच्या त्या दोघांनी आठवडाभर खुनशी नजर करून दाखवली होती. पण ही नजर बघून एडगरला कळलं की ते सगळे नट आहेत. त्याच्या अंगावर काटा आला, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्याला जाणवलं की आपल्या पाठीत काहीतरी आहे. त्याने हात मागे नेऊन चाचपलं. मूठ हाताला लागली.

"अरेच्चा," तो म्हणाला. "ही इतका वेळ…?"

"आम्ही काहीच बोललो नाही," मिसेस थ्रॉपल शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, तुमचं तुम्ही बघाल."

स्वप्न तिथेच तुटलं. चर्चच्या घड्याळात ठोके पडत होते, शेवटचं दृश्य उरलं होतं, आणि संध्याकाळी घर रिकामं करून द्यायचं होतं. एडगरने सगळ्यांचे आभार मानले, कारण ते न मानता निघणं बरं दिसलं नसतं, आणि तो लगबगीने रस्त्याला लागला. वळणावर गावचा पोलीस शिपाई सायकल घेऊन समोरून आला. सुरीकडे पाहून त्याने सायकल वळवली आणि तो शेजारून हळूहळू चालवू लागला.

"कुठे निघालात, साहेब?"

"थिसलकूम हॉलला. मला उशीर झालाय."

शेवटी कर्तव्याने त्याच्या संकोचावर मात केली. "तुमच्यावर कुणाचा राग वगैरे आहे का?"

"आजपासून आहे," एडगर म्हणाला, आणि शिपाई त्याला थेट दारापर्यंत सोडायला आला.

त्याच्या मागे इकडे काय काय झालं ते एडगरला नंतर समजलं. सूप घेऊन आलेल्या मिस ग्रिब्सना प्रेत नाहीसं झालेलं दिसलं आणि त्या खुर्चीत बसल्या त्या उठेचनात. चार गुप्तहेर घरात असताना मदतीला कुणाला बोलवायचं? चौघेही मनापासून कामाला लागले. ऑस्बर्टने गालिचा हुंगून, पिमलॉटला मोटारीत घालून पश्चिमेला नेलं आहे, असं सांगितलं. विनिफ्रेडबाईंनी कासवाला जमिनीवर सोडलं, ते कोचाखाली गेलं, आणि सगळ्यांनी मिळून कोच उचलला. टीव्हीवरच्या दोघांचं म्हणणं पडलं की पिमलॉटला खुनी माहीत होता, म्हणजे हे कुणा नटाचंच काम, आणि दोघे एकमेकांकडे बघायला लागले. बागेचं दार सताड उघडं होतं, ते मात्र कुणी लक्षात घेतलं नाही. इतकं सोपं उत्तर त्यांनी आजवर कुठल्याच भूमिकेत दिलेलं नव्हतं.

एडगर दारातून आत डोकावला तेव्हा दिवे लागलेले होते, आणि गालिच्यावर तो स्वतः पडलेला होता. तसाच कोट, तीच सुरी, मोराच्या पोटावर तोच गाल. क्षणभर त्याला खरंच वाटलं की आपण कुठे गेलोच नव्हतो. मग त्याला ग्लॅडविनसाहेबांचा समाधानी चेहरा दिसला आणि सगळं उमगलं. पुतळा निजणार होता आणि शेवटचं वाक्य ऑस्बर्ट बोलणार होता. ज्यूलियन मफलर सावरत ऑस्बर्टच्या कानाशी तोंड नेऊन उभा होता. तो नुसता उभाच होता. बराच वेळ झाला तरी काही बोलत नव्हता.

"ते माझं वाक्य आहे," एडगर म्हणाला.

त्याने आवाज चढवला नव्हता, तरी सगळे वळले. त्याच्यामागे शिपाई बघून ग्लॅडविननी बोलायला उघडलेलं तोंड मिटलं.

"पिमलॉट," ज्यूलियन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग नव्हता, बुडणाऱ्याच्या हाताला दोर लागावा तसं काहीतरी होतं. "तुम्हाला ते नाव आठवतंय ना?"

एडगर चाळीस वर्षांत कधी दिग्दर्शकाशी खोटं बोलला नव्हता.

"म्हणजे काय," तो म्हणाला.

पुतळ्याला पायाला धरून बाजूला ओढलं. एडगर आडवा झाला. मिस ग्रिब्सनी त्याची बोटं पसरली आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्याला लागलेलं मार्मालेड पुसून घेतलं. चारही गुप्तहेर एकमेकांवर आरोप करू लागले, बूट इकडून तिकडे गेले, आणि त्या उबेत एडगरला नेहमीसारखी पेंग यायला लागली. नाव नव्हतंच. पुतण्या नव्हता, डॉक्टर नव्हता. बूट थांबले. शांतता झाली. आपली वेळ आली हे त्याला पाठीच्या कण्यात कळलं आणि तो उठून बसला. चौघांकडे त्याने एकेक करून पाहिलं. खून करणारी नजर त्याने आयुष्यात एकदाच पाहिली होती, आणि तिलाही अजून तास झाला नव्हता.

"खून," एडगर पिमलॉट संथ, स्वच्छ आवाजात म्हणाला, "मिसेस ऑगस्टा थ्रॉपल यांनी केला."

आणि तो पुन्हा पडला.

कॅमेरा घरघरत राहिला. मग दाराशी उभ्या शिपायाच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, आणि तो टोपी काढून पुन्हा घालत बाहेर गेला. ज्यूलियनने थांबायला सांगितलं तेव्हा सगळे एकदम बोलू लागले. विनिफ्रेडबाई म्हणाल्या, या नावाचं पात्र सिनेमात नाही. ऑस्बर्ट म्हणाला, आपण तिचा वाससुद्धा घेतलेला नाही. ग्लॅडविन नुसतेच ज्यूलियनकडे बघत राहिले.

"अगदी बरोबर," ज्यूलियन म्हणाला. "त्या सगळ्या कादंबऱ्यांत हेच तर करतात. शेवटच्या पानावर आणतात कुणालाही आणि वाचकालाच मूर्ख ठरवतात. हा सिनेमा मी त्याच्यासाठीच केलाय." मग सामान आवरू लागल्यावर तो गालिच्याजवळ उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पिमलॉट, तुमचे उपकार कसे फेडू? मला काही केल्या ते नाव आठवत नव्हतं. सोमवारी मी तुम्हाला हेच सांगितलं होतं, नाही का?"

"हेच," एडगर म्हणाला.

सिनेमा पुढच्या वसंतात सँडमूथला आला. शनिवारच्या दुपारच्या खेळाला गल्ली झाडून आली होती. डॉरीनने नवी टोपी घातली होती आणि ती सिनेमाभर हातमोजे मुठीत घट्ट धरून बसली होती. प्रेक्षक अधूनमधून हसले, कासवाला हसले. मग शेवट आला. चौघे दमले, शांतता पसरली, आणि गालिच्यावरचं प्रेत सुस्कारा टाकून उठून बसलं.

आणि सगळं थिएटर हसायला लागलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना ठसका लागला. गल्लीतला खाटीक पुढच्या खुर्चीच्या पाठीवर डोकं आपटू लागला. पडद्यावर एडगरचे ओठ हलताना दिसले, तो पुन्हा आडवा झाला, बॅंड वाजला, दिवे लागले, तरी लोक हसतच होते. त्याचं वाक्य कुणालाही ऐकू आलं नाही. एडगर जागच्या जागी बसून राहिला. लोक त्याच्या पाठीवर थापा मारून जात होते, आणि त्याला फार आनंद झाला होता आणि फार वाईटही वाटत होतं. दोन्हींपैकी कुठलं जास्त, हे त्याला ठरवता येईना.

समुद्राकाठच्या रस्त्याने दोघं घरी निघाली. वारा होता. डॉरीनचे डोळे अजून पुसून होत नव्हते. मग त्याचा दंड धरून तिने त्याला थांबवलं आणि अपराध्यासारखं म्हणाली, "एडगर, मीसुद्धा हसत होते रे. मला ऐकूच आलं नाही. खून केला कोणी?"

एडगरने समुद्राकडे पाहिलं. मग तिच्याकडे तोंड करून तो नीट उभा राहिला, घसा साफ केला, एक श्वास घेतला आणि पडदा पडण्याआधी म्हणतात तसं ते वाक्य त्याने तिला म्हणून दाखवलं, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत.

डॉरीनने ते सगळं ऐकून घेतलं.

"कोण ही?" तिने विचारलं.

"आहे एक बाई. मार्मालेड करते."

"चांगलं करते?"

"साखर जरा जास्त होते," एडगर म्हणाला, आणि डॉरीन पुन्हा हसायला लागली, तेव्हा या वेळी तोही तिच्याबरोबर हसला.